किनाऱ्याकिनाऱ्यानं, दिवस दुसरा : दिवेआगर ते वेळास

सकाळी साडेसात, दिवेआगर

मारुंजीहून घोटावडे, पौड, ताम्हिणी, माणगाव करत इथवर कसे पोचलो, ते मागच्या भागात आलंच आहे. आजचा दिवस घावनांनी उजाडला. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चौथं घावन मागून घेतलं तेव्हा घरच्या काकू खूश झाल्या. मारुंजीला सातव्या मजल्यावर याच बाई अर्ध्या पोळीवर उठतात.

खाऊन झाल्यावर काकांनी वाडी दाखवली. आगरातली वाडी म्हणजे नारळाच्या सावलीत पोफळी, पोफळीच्या सावलीत केळी, जायफळ आणि मधून वाहणारा पाट. या वाडीत सावली मात्र बेताचीच. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या आसपासच जमिनीवर चढलं आणि काही तासांत पिढ्यांच्या बागा आडव्या झाल्या. घराचे पत्रे महिन्याभरात बसवता येतात, पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. काकांनी नव्या पोफळीचं खोड हातानं चाचपून दाखवलं. हिरवंगार, मनगटाहून थोडं जाड, गळून गेलेल्या झावळ्यांच्या पांढुरक्या वळ्या चढलेलं. शेजारी जुन्या झाडाचा बुंधा, कोयत्यानं सपाट केलेला. त्यावर त्यांनी सुपाऱ्या सोलायचं बस्तान मांडलं होतं.

सुवर्णगणेशाचं दर्शन घेतलं. 1997 मध्ये इथल्या एका वाडीत खणताना सोन्याचा मुखवटा सापडला, 2012 मध्ये दरोडा पडला, त्यात मंदिराच्या दोन रखवालदारांचा जीव गेला. 2021 मध्ये मुखवट्याची पुन्हा स्थापना झाली. गर्दी मुखवट्याची. त्या दोघांची आठवण सांगणारं काही माझ्या तरी नजरेला पडलं नाही.

साडेनऊ, शेखाडीमार्गे

दिवेआगर ते श्रीवर्धन हा रस्ता समुद्राला इतका लागून जातो की खिडकीतून हात काढला तर ओला व्हावा. आरावी, मग शेखाडी. नवरा दर वळणावर गाडी थांबवत होता. शेखाडीचं नाव ऐकल्यावर आई म्हणाल्या, “हे तेच ना, बॉम्बस्फोटातलं?” तेच. 1993 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स याच किनाऱ्यावर उतरवलं गेलं. आज तिथे जाळी विणत बसलेली माणसं आणि वाळत घातलेली सुकट. गावावर असा शिक्का एकदा बसला की तीस-पस्तीस वर्षांनीही पुसत नाही, हे काही बरं नाही.

श्रीवर्धनला पेशव्यांचं स्मारक पाहून लगेच निघालो. गाव मोठं, बाजार अरुंद, ऊन कडक.

साडेअकरा, हरिहरेश्वर

प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या कुशीतून पायऱ्यांनी थेट खडकांवर उतरते, आणि भरतीला ती पाण्याखाली जाते. नवरा फोनवर भरतीचं वेळापत्रक शोधत होता आणि फोनला रेंज नव्हती. आईंनी बोटांवर मोजलं. “आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. जा बिनधास्त.” त्यांचं माहेर आंजर्ल्याचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिथे पोरासोरांना पाठ असायचं. चंद्राची वेळ रोज साधारण पाऊण तासानं सरकते, एवढाच त्यामागचा हिशेब.

वाट मोकळी होती. खडकाला लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्यानं कोरून इतकं जाळीदार केलं आहे की पाय ठेवताना संकोच वाटतो. एकेका भोकात मुठीएवढं पाणी, आणि पाण्यात तळहाताच्या रेषेएवढा खेकडा. त्यापलीकडे मात्र पाटीवर बुडालेल्यांचे इशारे आहेत. ते वाचून आम्ही शहाण्यासारखे कडेकडेनं चाललो. आई वरच देवळाच्या ओट्यावर बसल्या होत्या.

अडीच, बागमांडला

आता आजचा खरा मुक्काम, खरं तर आजचा खरा खोळंबा. हरिहरेश्वरच्या दक्षिणेला सावित्रीची खाडी आडवी येते. अलीकडे बागमांडला, रायगड जिल्हा. पलीकडे वेसवी, रत्नागिरी जिल्हा. मोटारीनं जायचं तर आंबेत-म्हाप्रळच्या पुलापर्यंत आत शिरून परत बाहेर या, नाहीतर फेरीबोट धरा. 2003 मध्ये दाभोळ-धोपावे फेरी सुरू झाली, त्यानंतर इथलीही. त्याआधी मोटारवाल्यांना हा किनारा सलग करता येत नव्हता.

फेरीचा पुढचा लोखंडी फळा खडखडत धक्क्यावर टेकला. शिट्टीवाल्या पोरानं गाड्या आत घेतल्या. “येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा… बस!” दोन गाड्यांत इतकी फट की दार उघडून निघायला पोट आत घ्यावं लागलं. मध्ये दुचाक्या, कडेला पाट्या घेऊन बसलेल्या कोळणी, एक शाळेची पोर, गॅसचे सिलिंडर. हिंजवडीच्या सिग्नलला रोज तासभर कुढणारा माझा नवरा इथे अर्धा तास रांगेत बसून चक्क शीळ घालत होता.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब क्रोएशियाला जाऊन आलं. त्यांचं वर्णन ऐकताना मला ही खाडी आठवली होती. तिथेही किनाऱ्याचा रस्ता तुटायचा. नेउमपाशी बोस्नियाची चिंचोळी पट्टी समुद्राला भिडते. दुब्रोव्हनिकला जाणाऱ्यांनी आपल्याच देशातून आपल्याच देशात जाताना दोनदा सीमा ओलांडायची, नाहीतर गाडी बोटीत घालायची. जुलै 2022 मध्ये पेल्येशात्सचा पूल झाला आणि ती कटकट संपली.

इथे बाणकोटचा पूल अर्धा उभा आहे. फेरीतून त्याचे खांब दिसतात. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे 1980 च्या दशकातली. ते स्वतः याच सावित्रीकाठच्या आंबेतचे. याच नदीवर वर महाडजवळ 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी गाड्या वाहून गेल्या आणि काही मृतदेह थेट समुद्रकिनाऱ्यावर सापडले. तिथला नवा पूल वर्ष पुरं व्हायच्या आत, जून 2017 मध्ये खुला झाला. मनात आणलं तर होतं. बाणकोटचा मात्र वर्षानुवर्षं रखडला.

“पूल झाला की ही मजा जाईल,” असं मी सहज म्हटलं. शेजारच्या मावशींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाटीवरचं फडकं सारखं करत म्हणाल्या, “मजा तुमची गो बाय. रात्रीची शेवटची फेरी गेली न् घरात कुणी आजारी पडला, मग कळते मजा.” पूल हवाच, यावर मी नंतर तोंड उघडलं नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. खाडी ही अडचण झाली केव्हा? मोटार आल्यावर. त्याआधी खाडी हाच रस्ता होता. गलबतं या पाण्यानं महाडपर्यंत जायची. श्रीवर्धनचे भट आणि वेळासचे भानू खाडीच्या दोन तीरांवरचे, तरी शेजारीच. बाळाजी विश्वनाथ देशावर निघाले तेव्हा भानू बंधू त्यांच्यासोबत गेले, अशी परंपरागत हकिकत आहे. पुढे एका घरात पेशवाई आली, दुसऱ्यात फडणिशी. आईंच्या लहानपणी तर मुंबईहून आंजर्ल्याला यायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं हर्णैला यायचं. “बोट बंदराला लागायचीच नाही. खोल पाण्यात उभी राहायची आणि आम्हाला पडावात उतरवायचे. खलाशी पोरांना अक्षरशः झेलायचे. आणि बोट लागली की मग काय, आख्खा प्रवास लिंबू चोखत.” हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला की नवऱ्यानं फोटो काढला. तेवढ्यात वेसवी आलं.

चार, बाणकोट

किल्ला लहान, पण खाडीच्या तोंडावर नेमका बसलेला. 1755-56 च्या आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमेत तो इंग्रजांना मिळाला आणि त्यांनी त्याचं नाव ठेवलं फोर्ट व्हिक्टोरिया. राणी व्हिक्टोरियाचा जन्म 1819 चा, तेव्हा गाइड काहीही सांगोत, तिचा इथे संबंध नाही.

महाबळेश्वरच्या ज्या ऑर्थरसीटवरून आपण सावित्रीचं खोरं पाहतो, तो पॉइंट ज्याच्या नावाचा, त्या ऑर्थर मॅलेटची बायको आणि तान्ही मुलगी 1853 मध्ये या खाडीच्या तोंडाशीच बुडाल्या. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, संपते इथे.

साडेपाच, वेळास

नाना फडणविसांचं मूळ गाव. आता ते कासवांमुळे जास्त ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडले माद्या इथे रात्री वाळूत शंभरेक अंडी घालून निघून जातात. पूर्वी ती अंडी कुत्री-कोल्ह्यांच्या आणि माणसांच्याही पोटात जायची. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं 2002 पासून इथे संरक्षणाचं काम सुरू केलं आणि 2006 पासून कासव महोत्सव. गावकऱ्यांनी घरं पाहुण्यांना उघडली, पाहुण्यांमुळे कासव जिवंत ठेवण्यात गावाचा फायदा झाला. निसर्गप्रेमावर भाषणं देण्यापेक्षा हा व्यवहार मला जास्त पटतो.

सहाच्या ठोक्याला कुंपणात अंड्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलल्या. दोन टोपल्या रिकाम्या निघाल्या, लोकांचा हिरमोड झाला. तिसरीखाली काळी, ओल्या वाळूनं माखलेली आठ-दहा पिल्लं. दोरीमागून पाहायचं, फ्लॅश मारायचा नाही. तरी एकानं मारलाच, आणि स्वयंसेवक मुलीनं त्याला असं झापलं की तो बिचारा मागच्या रांगेत गेला. भरती वर चढलेली होती, त्यामुळे पिल्लांना फार चालावं लागलं नाही. आईंचा हिशेब बरोबर.

रात्री वरणभात, वालाचं बिरडं, सोलकढी. घरच्या काकांना उद्याचा रस्ता विचारला. केळशीला सकाळी पोचायचं, महालक्ष्मीचं देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा पाहायचा, मग आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती. संध्याकाळी पाचच्या आत हर्णै गाठायचं, कारण मासळीचा लिलाव कुणासाठी थांबत नाही. नवऱ्याचं म्हणणं, केळशी वगळली तर आरामात होईल. आईंचं म्हणणं, मग तू हर्णैला परस्पर जा, आम्ही दोघी एसटीनं येतो.