तासभराचा थांबा

नोव्हेंबरचा पहिला सोमवार. संध्याकाळचे सहा वाजले तशी मी हेडफोन शोधायला उठले, आणि मग आठवलं की आज सहाला नाही, सातला. अमेरिकेतली घड्याळं कालच तासभर मागे गेली. पायरीवर परत टेकते न टेकते तोच डोक्यात उजेड पडला की सातलाही काही नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं, शुक्रवारी रात्री सगळ्यांचे अ‍ॅक्सेस बंद झाले. बाबा खळ्यातल्या सुपाऱ्या गोळा करत होते.

“काय गो, आज कॉल नाय?”

“नाय.”

“बरा झाला.”

बरं झालं की नाही ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या कॉलनं माझी वर्षं मोजली, एवढं खरं. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. आमचा कॉल त्यांच्या सकाळच्या साडेआठचा, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या सहाचा आणि हिवाळ्यात सातचा. कॉल सातला सरकतो नेमक्या त्याच सुमारास त्रिपुरारी पौर्णिमा होते आणि सिंधुदुर्गात जत्रा लागतात. शेजारच्या बायका ओटीचं ताट घेऊन निघाल्या की मी कानात हेडफोन घालून “गुड मॉर्निंग” म्हणत बसायची. हिंजवडीत होते तेव्हा हे जाणवलं नव्हतं. २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन गावी वालावलला आले तेव्हापासून जाणवायला लागलं.

दुसऱ्याच्या सोयीनं घड्याळ फिरवायचा राग मुंबईला चांगला ठाऊक आहे. १९०६ च्या १ जानेवारीपासून देशभर एकच प्रमाणवेळ आली, मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. गिरणीतलं घड्याळ पुढे सरकवलं तेव्हा कामगारांनी दगडफेक केली. शहरानंही हट्टानं आपली वेळ १९५५ पर्यंत चालवली. आम्ही दगड उचलला नाही. कॅलेंडरमधलं निमंत्रण आपोआप सरकायचं, आणि आम्ही त्याच्यामागून.

हे सगळं लिहिताना एकच प्रसंग मध्ये मध्ये येऊन उभा राहतो. सप्टेंबरमधला रिव्हर्स केटीचा, म्हणजे उलट्या नॉलेज ट्रान्स्फरचा कॉल. आधी आपण नव्या व्हेंडरच्या लोकांना सिस्टिम समजावायची, मग त्यांनी तीच क्लायंटसमोर परत सांगायची आणि आपण म्यूटवर बसून ऐकायचं. समोर नव्या कंपनीची एक मुलगी होती, आवाजावरून पंचविशीतली. रात्रीचा बॅच पायरीपायरीनं सांगत आली आणि थांबली. “इथं प्रोग्रॅम एक तास वाट बघतो. कोणाची?”

कोणीच बोललं नाही. आमचे दहाच्या दहा जण म्यूटवर. क्लायंटचा माणूसही गप्प. कोडमध्ये त्या ओळीशेजारी फक्त एक तारीख आणि आद्याक्षरं होती.

ती आद्याक्षरं कोणाची, ते मला माहीत होतं: आमच्या टीममधल्या एका जुन्या सहकारिणीची. तिची गोष्ट सांगायची तर आधी मालकांची सांगावी लागेल.

क्लायंट मुळात ओहायोतला एका घराण्याचा धंदा. नळाच्या तोट्या आणि जोडणीचं सामान ठोकात विकायचे. तेव्हाच्या मॅनेजरबाई कॉलच्या सुरुवातीला इकडचा पाऊस विचारायच्या आणि उत्तर ऐकूनही घ्यायच्या. पुढे घराण्यानं धंदा एका गुंतवणूक कंपनीला विकला. मग आला तो मॅनेजर रोजचं स्टेटस हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात मागायचा. पिवळं दिलं तर का, आणि हिरवं दिलं तर नक्की का. गुंतवणूकवाल्यांनी धंदा एका मोठ्या कंपनीला विकला, तिथला मॅनेजर तर बोलायचाच नाही. इकडे आमचीही कंपनी दुसरीत विलीन झाली. नवीन बोर्ड, नवीन टी-शर्ट, नवीन पट्ट्याची ओळखपत्रं, आणि केक.

केकवर माझा राग आहे, तो इथं काढून घेते. नव्या लोगोचा केक कापताना नवे अकाउंट हेड म्हणाले की आपण सगळे एक कुटुंब आहोत. त्याच तिमाहीत त्यांचा मला फोन आला: “टीममधली तीन नावं द्या. पगार जास्त असलेली.” मी बिलिंगचं गणित मांडलं, मेल लिहिले, महिना-दीड महिना रेटला. शेवटी यादी वरूनच तयार होऊन आली. पहिलं नाव तिचं. सगळ्यात जुनी म्हणून सगळ्यात महाग. तिची केटी घ्यायला चार दिवस मिळाले, त्यातला एक पगार-पीएफच्या फॉर्मांत गेला. लोगोचा केक दिसला की मला अजून त्या साखरेच्या निळ्या रंगाची चव जिभेवर येते.

तर तो तासभराचा थांबा. कॉल चालू असतानाच मी तिला व्हॉट्सअ‍ॅप केलं. ती आता नाशिकला गणिताचे क्लास घेते. उत्तर एका शब्दाचं आलं: “अ‍ॅरिझोना.”

लख्ख आठवलं. अ‍ॅरिझोना राज्य घड्याळ मागेपुढे करत नाही. क्लायंटचं एक गोदाम तिथं होतं, त्यांची दिवसाची फाइल गोदाम बंद झाल्यावर निघायची. ओहायोचं घड्याळ मार्चमध्ये पुढे गेलं की ती फाइल बॅचला तासभर उशिरा मिळायची आणि दुसऱ्या दिवशीचा साठा चुकायचा. म्हणून तिनं थांबा टाकला: फाइल येईपर्यंत, नाहीतर एक तास. मी म्यूट काढून हे सांगत होते तोवर तिचा दुसरा मेसेज आला. “ते गोदाम आहे का अजून?”

नव्हतं. गुंतवणूकवाल्यांनी आल्या आल्या ते विकून टाकलं होतं. म्हणजे इतकी वर्षं हा बॅच रोज रात्री तासभर अशा फाइलची वाट बघत होता, जी पाठवणारं कोणी उरलंच नव्हतं. “मग मी काढून टाकते,” ती मुलगी उत्साहानं म्हणाली. तेव्हा तो न बोलणारा मॅनेजर पहिल्यांदा बोलला. नको, हात लावू नका, चालतंय तसं चालू दे. हँडओव्हरच्या कागदात मी एक ओळ वाढवली. थांबा अजून आहे.

माणसं तीच आणि पाट्या वेगळ्या, हे आमच्या धंद्यात पहिल्यापासूनचं. अंधेरीचं सीप्झ १९७३ चं, तिथली टाटा बरोज घ्या. १९८६ मध्ये तिकडे बरोज आणि स्पेरी मिळून युनिसिस झाली, म्हणून इकडे टाटा युनिसिस. पुढे टाटा इन्फोटेक, आणि २००६ मध्ये टीसीएसमध्ये विलीन. पटनीत लागलेला माणूस २०११ मध्ये आयगेटचा झाला आणि २०१५ मध्ये कॅपजेमिनीचा, खुर्चीवरून न उठता. आमच्यातल्या सहा जणांनाही आता नव्या व्हेंडरनं घेतलंय. रिबॅजिंग म्हणतात त्याला. मी बेंचवर आहे, म्हणजे पुढच्या प्रोजेक्टची वाट बघत.

बाबांना प्रत्येक बदल सांगितला की त्यांचा एकच प्रश्न असायचा, “आता मालक कोण?” त्यांच्या डोक्यात कंपनी म्हणजे दशावताराची. तिथं कारभार उलटा आहे. वालावलकरांचं दशावतार मंडळ बघा, बिऱ्हाड ओसरगावला आणि नावात वालावल कायम. नट येतात, जातात, नाव हलत नाही. हातात लिहिलेली संहिता नसते. आजचं आख्यान कुठलं, कोण राजा, कोण राक्षस, एवढं रंगायला बसताना ठरतं. बाकीचं उभं राहिल्यावर. आमचे क्लायंट याला डॉक्युमेंटेशनचा अभाव म्हणाले असते.

त्या आठवड्यात मी जवळच्याच एका जत्रेला गेले, चांगली लवकर. आणि कळलं की नाटक मध्यरात्रीनंतरच उभं राहतं, पूर्वीही राहायचंच. सातच्या कॉलनं माझं नाटक कधी बुडवलंच नव्हतं. बुडवलं असेल तर पालखीआधीचं ते रेंगाळणं, खाज्याच्या दुकानापाशी उभं राहून कोणाच्या तरी गजाली ऐकणं. रंगपटामागे पेटीवाला चहा घेत होता. बाबांच्या ओळखीचा, म्हणून मलाही बसायला खुर्ची मिळाली. काय करतेस, विचारलं. सांगितलं.

“तुमका नायटीक किती गावतत?”

आमच्याकडे नाइटवर नाही, तासावर असतं, मी म्हटलं. क्लायंट माझ्यासाठी ताशी बावीस डॉलर देत होता. त्यानं मोबाइल काढून गुणाकार केला. दिवसाचे पंधरा हजारांच्या वर. माझ्याकडे बघितलं, माझ्या चपलांकडेही बघितलं.

“तुझ्या हातात इतके येतत?”

“नाय.”

“मगे उरलेले खंय जातत?”

“मालकाक.”

“आमच्या मालकाचो निदान पेटारो तरी असता,” तो म्हणाला.

लॅपटॉप त्यांचाच असतो, मी सांगून बघितलं. त्याला ते काही पटलं नाही.