आधी अर्थिंग, मग नांदी

नाटकाच्या हस्तपत्रिकेत लेखक, दिग्दर्शक आणि नट यांची नावे ठळक टाइपात असतात, प्रकाशयोजनाकाराचे बारीक अक्षरांत. वायरमनचे नाव कुठेच नसते. वास्तविक रंगमंचावर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचा जीव काही काळ त्याच्या पक्कडीच्या भरवशावर असतो.

प्रकाशाची जादू थोर, यात शंका नाही. १९५९ साली कलकत्त्यात उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात तापस सेन यांनी केवळ दिव्यांच्या बळावर कोळशाच्या खाणीत पाणी शिरल्याचा भास उभा केला होता. आमच्या सीमाभागातल्या जत्रेच्या नाटकांना हौस अशीच दांडगी, साधने मात्र तुटपुंजी. ऐंशीच्या दशकात, विद्यार्थी असताना, मिठाच्या पाण्याचा डिमर मी पाहिला आहे. बरणीत मिठाचे पाणी, त्यात धातूच्या दोन पट्ट्या. एक पट्टी खाली सोडली की दिवा उजळायचा, वर ओढली की मंदावायचा. हुशारी वाखाणण्याजोगी, पण उघड्या पाण्यात २३० व्होल्ट आणि विंगेत अनवाणी पोरे!

आता शाळेच्या स्नेहसंमेलनालाही भाड्याने लाइट कन्सोल येतो. हा कन्सोल दिव्यांना वीज पुरवत नाही, नुसते हुकूम सोडतो. ते पाळतात डिमर. त्याला स्वतःला वीज थोडीच लागते, पण ती वेगळ्या, साध्या प्लगवरून द्यावी. डिमरच्या प्लगवर तो कधीही जोडू नये. डिमर विजेची लाट कापून पुढे पाठवतो आणि तिने कन्सोलची नाजूक सर्किटे बिघडतात.

दिव्यांचा हिशेब दहावीच्या मुलालाही जमेल. १००० वॅटचा हॅलोजन सव्वाचार अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह घेतो. असे बारा दिवे म्हणजे ५२ अँपिअर. ते तीन फेजवर चार-चार वाटले की प्रत्येक फेजवर सतरा-अठरा येतात. मात्र न्यूट्रल सुटली, तर कमी भाराच्या फेजवरील उपकरणांवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब चढू शकतो. म्हणून न्यूट्रलचा स्क्रू आधी आवळावा.

काही वर्षांपूर्वी संमेलनासाठी आम्ही एक सभागृह भाड्याने घेतले होते. प्लग तीन पिनांचे, चकचकीत. आमच्या कन्नडभाषक वायरमनने टेस्ट लॅम्प फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, दिवा लागला. फेज आणि अर्थमध्ये धरला, अंधार. तो वळून म्हणाला, "अर्थिंग इल्ला, सर."

बाहेर पालक जमलेले, प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेत. विंगेत जरीचा अंगरखा घातलेला सातवीतला शिवाजी आणि अनवाणी मावळे. त्यांच्या हाताशी लोखंडी स्टँड, स्टँडवर दिवे. एखादी वायर आतून सोलून स्टँडला टेकली, तर तो प्रवाह कुठून जाणार? मी म्हटले, "अण्णा, किती वेळ लागेल?" तो म्हणाला, "एक तास."

नळाजवळच्या ओल्या जागेत आठ फुटी जी. आय. पाइप ठोकला, भोवती मीठ-कोळसा घातला, वर पाणी ओतले. नुसत्या पाइपवर फ्यूज वेळेत उडेलच असे नाही, म्हणून ३० मिलिअँपिअरचा ई. एल. सी. बी. मागवून बसवला. त्याचे टेस्ट बटण दाबताच तो खटकन पडला. टेस्ट लॅम्पही आता अर्थवर उजळला. मग कन्सोलची सगळी बटणे शून्यावर आणून आधी कन्सोल, नंतर डिमर असे चालू केले. थंड फिलामेंट सुरुवातीला प्रवाह कितीतरी जास्त ओढतात, म्हणून दिवे हळूहळू चढवले. नांदीला सव्वा तास उशीर झाला. एक पालक संतापून म्हणाले, "हेडसर, एवढ्याशा तारेसाठी?"

मी उत्तर दिले नाही. विंगेतली मुले त्यांना दिसत नव्हती.

हल्ली एलईडी दिवे आले, भार पुष्कळ उतरला. पण धातूच्या पेटीत उतरलेल्या विजेला दिवा जुना की नवा हे कळत नाही. आमच्या जिल्ह्यात जमिनीवरून वाद पुष्कळ झाले. या एका जमिनीसाठी मात्र दोन्ही भाषांत शब्दसुद्धा एकच आहे. यंदा आपल्या गावी नाटक असेल, तर तालमीच्या दिवशीच वायरमनला बोलवा, टेस्ट लॅम्प लावून पाहा आणि हस्तपत्रिकेत त्याचे नाव छापा.