टाकी कुठं बसणार?

पाच फुटी फिश टँक घ्यायचा ठरला तेव्हा घरात चर्चा फक्त माशांची. मुलाला ऑस्कर हवे होते, बायकोला एंजल. आमचा फ्लॅट कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. इमारत ऐंशीच्या दशकातली. वजनाचा विषय काढला तो खालच्या काकांनी. "अहो, एवढं पाणी माझ्या डोक्यावर ठेवणार का?" त्यांनी जिन्यातच विचारलं.

मग कागद-पेन घेऊन बसलो. पाच बाय दोन बाय दोन म्हणजे २० घनफूट. घनफुटाला २८ लिटरच्या वर धरलं तर काठोकाठ ५६६ लिटर. थोडं खाली भरलं तरी सव्वापाचशे. लिटरला एक किलो. शिवाय १२ मिलिमीटरची काच शंभरेक किलो, लोखंडी स्टँड, वाळू, दगड. बेरीज साडेसातशे किलोच्या घरात गेली. दुकानदार म्हणाला, "काही होत नाही साहेब, सगळेच ठेवतात."

तेवढ्यावर समाधान होईना, म्हणून ओळखीतल्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना घरी बोलावलं. आयएस ८७५ या भारतीय मानकात राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरतात, असं त्यांनी सांगितलं. आमची टाकी उभी राहणार जेमतेम ०.९ चौरस मीटरवर, म्हणजे तिथं हाच आकडा आठशेच्या पुढे! माझा चेहरा पाहून ते हसले. "तो भार अख्ख्या खोलीभर धरलेला असतो. तुमच्या दहा बाय बाराच्या हॉलचा हिशेब सव्वादोन हजार किलोपर्यंत जातो. पण म्हणून टाकी वाटेल तिथं ठेवता येत नाही. ती कुठं बसणार, ते आधी ठरवू."

सोसायटीच्या फायलीतून आर.सी.सी.चं ड्रॉइंग शोधून काढलं. हॉल आणि बेडरूममधली भिंत आम्ही मनात पक्की केली होती. ती निघाली चार इंची, आणि तिच्याखाली बीमच नव्हता. "ही भिंतच स्लॅबच्या जिवावर उभी आहे, तिच्या शेजारी आणखी ओझं नको," ते म्हणाले. बाल्कनीला तर त्यांनी साफ नकार दिला. बाहेर काढलेल्या स्लॅबच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. पावसाचं पाणी मुरून त्या गंजल्या तर खालून पत्ताही लागत नाही. उरली बाहेरची भिंत. तिच्याखाली बीम, कोपऱ्यात कॉलम. तिथं भार बीमवरून सरळ कॉलममध्ये उतरतो. खोलीच्या मधोमध तोच भार स्लॅबला वाकवतो. त्या भिंतीवर आमचा टीव्ही होता. टीव्ही हलला.

मग आम्ही काकांकडे गेलो. इंजिनिअरांनी त्यांच्या छताचा कोपरा टॉर्च मारून पाहिला. गिलावा फुगलाय का, गंजाचे तपकिरी डाग आहेत का, बीमला चीर आहे का. काही नव्हतं. काकूंनी चहा टाकला, तेव्हा मी विचारलं, "गणपतीला आमच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं दाटीनं उभी असतात, ती चालतात ना?" ते म्हणाले, "माणसं आरती झाली की पांगतात. टाकी वर्षानुवर्षं तिथंच राहते, आणि कायमच्या भारानं काँक्रीट हळूहळू आणखी वाकत जातं."

बसवतानाही त्यांच्या सूचना होत्या. चार पायांचं स्टँड नको, कारण एकेका पायावर पावणेदोनशे-दोनशे किलो येतात आणि पोकळ टाइल तडकते. नाण्यानं टकटक करून टाइल्स वाजवल्या. एक बद्द वाजली, ती बदलून घेतली. स्टँडला खालून सलग चौकट जोडली. स्टँडवर प्लाय, त्यावर थर्माकोल, मग टाकी. पाणी टप्प्याटप्प्यानं भरलं आणि दर टप्प्याला चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजलं. एक कोपरा खचला तर काचेला पीळ बसतो आणि सिलिकॉनचा सांधा उलतो. जमीन शाबूत राहूनही घरभर पाणी होतं ते असं.

मोठी टाकी घेणाऱ्यांना एवढंच सांगेन: पैसे भरण्याआधी जागा इंजिनिअरला दाखवा, आणि खालच्या शेजाऱ्यांचं छतही पाहून घ्या. जुन्या वाड्यात किंवा लाकडी तुळयांच्या चाळीत राहत असाल, तर हा मोह टाळलेलाच बरा. भिंतीत गेलेली तुळईची टोकं ओलीनं कुजलेली असली, तरी वरून ती दिसत नाहीत.