आईबापाची सही

खिडकीतला माणूस आवाज न चढवता तिसऱ्यांदा म्हणाला, "मॅडम, आईबापाची सही लागेल." तो खेकसला असता तर मी तो दिवस विसरलेही असते.

मी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे ट्रक भरतात. मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, कोल्हापूर-सांगलीकडे ऊस तोडायला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. लेकरं आजीआजोबांकडे राहतात. यात आमच्या भागात नवीन काही नाही.

गेल्या वर्षी चौथीतला एक मुलगा बोलायचा थांबला. नऊ वर्षांचा. हजेरीला नुसता हात वर करायचा. वर्गात पेंगायचा. मी त्याला उभं करायचे, दोनदा तर व्हरांड्यात उभं केलं. आजी म्हणाली, "बाई, लेकराला बाहेरचं लागलंय." देवऋषाचा अंगारा लावून झाला. आरोग्य तपासणीचं पथक आलं, दात, डोळे, वजन पाहून गेलं. शेवटी मीच आजीला तयार केलं. सरकारी दवाखान्यात मुलांना तपासणारे मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एकच दिवस बसत. तो वार धरून पहाटेच्या एसटीने आम्ही तिघं जिल्ह्याच्या गावी गेलो. आजीने फडक्यात भाकरी बांधून घेतली होती.

आणि मग ती खिडकी. आजी म्हणाली, "म्या हाय की त्याची आज्जी. अंगठा देते." "आजीचं चालत नाही." मी मुख्याध्यापकांचं पत्र पुढे केलं, मुलाचं आधार कार्ड दाखवलं. मग बापाला फोन लावला. तो फडात होता. मागे मोळ्या टाकल्याचे आवाज येत होते. "मॅडम, तुम्हाला योग्य वाटंल ते करा." मी फोन खिडकीत धरला. कारकुनाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आवाजावर शिक्का कुठे मारू?" बापाला बोलवा म्हणाला. बाप आला तर दोन-तीन दिवसांचा खाडा, आणि तो खाडा चढतो उचलीवर, हे मी त्याला समजावत राहिले. "मग पाडव्यानंतर आणा." समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. डॉक्टर आत बसलेले दिसत होते आणि त्यांच्यासमोरची खुर्ची रिकामी होती. खिडकीपासून त्या खुर्चीपर्यंत दहा पावलं असतील. ती आम्हाला चालता आली नाहीत. मुलगा तोवर बाकावर गाढ झोपला होता. त्याला उचलूनच गाडीत बसवलं, आणि तेव्हाही माझ्या मनात काही आलं नाही.

पुढे मी कायदा वाचून काढला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. सरकारी व्यवस्थेत उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क, असं त्यात आहे. अज्ञान मुलाच्या वतीने निर्णय पालकाने घ्यायचा, असंही आहे. कधी वाटतं, बरोबरच आहे. उद्या कुणीही शिक्षिका उठून परक्या लेकराला गोळ्या सुरू करील. पण ती रिकामी खुर्ची आठवते आणि राग जसाच्या तसा परत येतो.

दवाखान्यातून परतलो त्याच रात्री मी १४४१६ ला फोन केला. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा हा नंबर आम्हीच शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतला होता. जे मूल बोलतच नाही त्याला फोनचा काय उपयोग, म्हणून आधी लावला नव्हता. पलीकडच्या बाईंनी मराठीत माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रात्री झोपतो का?"

मला ठाऊक नव्हतं. डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता, चांगल्या मार्कांनी सुटले होते. महिना-दीड महिना 'वर्गात झोपतो' ही तक्रार करत होते आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. सकाळी आजीला विचारलं. ती सहज बोलून गेली, "न्हाई झोपत. उंबऱ्यावर बसून ऱ्हातो. ट्रक राती दोनला गेला, तवा झोपेत व्हता. रडंल म्हून उठीवलं न्हाई."

फोनवरच्या बाईंनी सांगितलं होतं, बोलायची सक्ती करू नका, सगळ्यांसमोर उभं करू नका, आईचा फोन रोज ठरल्या वेळी येऊ द्या. म्हणून रोज सात वाजता मी माझा फोन घेऊन त्यांच्या घरी जायचे. आई कोपीतून बोलायची. कालवण काय केलं, थंडी किती पडली. तो नुसता ऐकायचा. बारा-तेरा दिवस झाले असतील. एका संध्याकाळी तो म्हणाला, "पुढच्या बारीला उठीवशील का?" पलीकडून कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं होतं. नऊ वर्षांचं पोर त्या वयोगटात बसतच नाही. मानसोपचाराची मोठी केंद्रं उभारा, जरूर उभारा. पण आधी गावातल्या शिक्षकाला आणि आशाताईला चार साधे प्रश्न विचारायला शिकवा. आणि माझ्यासारख्या शाळांवरच्या बायांनो, ट्रक निघायच्या आत आईबापाकडून आजीच्या नावाने संमतीपत्र लिहून घ्या. यंदा मी अकरा घरांतून घेतली, सह्या आणि अंगठे. अजून एकही त्या खिडकीपर्यंत न्यायची वेळ आलेली नाही.

यंदा त्याच्या आईने त्याला उठवलं. तो ट्रकमागे पार मारुतीच्या पारापर्यंत धावला. त्याच्या रडण्याने वस्ती जागी झाली. सकाळी आजी शाळेच्या फाटकात उभी होती. "झोपेतच गेले असते तर बरं झालं असतं, बाई." मला तिला काही सांगता आलं नाही. मला स्वतःलाही तेच वाटत होतं.

चौथी-पाचवी माझ्याकडे एकत्रच असते. त्या दिवशी तो आला, दुसऱ्या रांगेत बसला आणि पहिल्याच तासाला दप्तरावर डोकं टेकून झोपला. मी बाकीच्यांना पाढे मनातल्या मनात म्हणायला सांगितले.