एका हाताचा पास

गेल्या पावसाळ्यात सराव संपल्यावर माझी मुलं मैदानाच्या कडेला नळाखाली बूट धूत बसली होती. एकाच्या फोनवर न्यूझीलंडचा रग्बीपटू सनी बिल विल्यम्स याची जुनी क्लिप चालू होती. दोघांनी कमरेला मिठी मारलेली, अंग जवळजवळ जमिनीला टेकलेलं, आणि तेवढ्यात उजवा हात पकडणाऱ्याच्या पाठीमागून वळून बाहेर येतो आणि चेंडू सहकाऱ्याच्या ओंजळीत पडतो. "देव आहे हा," एक म्हणाला. दुसरा उसळलाच. "देव कसला? पैशासाठी टीमला न सांगता पळून गेलेला माणूस आहे तो." बघता बघता अर्धी मुलं या बाजूला, अर्धी त्या बाजूला. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "सर, तुम्ही सांगा."

मी त्यांना "उद्या सांगतो" म्हणालो. वीसेक वर्षं रग्बीत शिट्टी वाजवणाऱ्या आणि तितकीच वर्षं मुलांना टॅकल शिकवणाऱ्या माणसाला एवढ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येऊ नये, हे मला रात्रभर खुपत राहिलं. हा वाद त्या नळापाशी सुरू झालेला नाही. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात तो तब्बल बारा वर्षं चालला, घराघरांत चालला. तिथे सनी बिलच्या नावावर तटस्थ माणूस सापडणं कठीण होतं.

आधी त्या पासाविषयी, कारण त्याची कीर्ती तिथून सुरू होते. रग्बीचा चेंडू साधारण तीस सेंटिमीटर लांब आणि साडेचारशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. पावसात तो साबणाच्या वडीसारखा निसटतो, म्हणून आम्ही मुलांना पहिल्या दिवसापासून बजावतो: चेंडू दोन्ही हातांत. टॅकल झाली की खाली पडा, चेंडू आपल्या बाजूला ठेवा, मागचे येऊन तो ताब्यात घेतील. सुरक्षित मार्ग तो. पण तेवढ्या तीन-चार सेकंदांत समोरच्यांची भिंत पुन्हा उभी राहते. टॅकल होत असतानाच, पडता पडता चेंडू पुढे सोपवला तर ती भिंत उभीच राहत नाही. याला ऑफलोड म्हणतात. कबड्डीत पकडीत सापडलेला चढाईपटू सगळं अंग अडकलेलं असताना एक हात मध्यरेषेकडे ताणतो, तो क्षण आठवा. फरक इतकाच की इथे त्या ताणलेल्या हातात चेंडू असतो आणि तो चुकला तर थेट प्रतिस्पर्ध्याला मिळतो. त्यामुळे जुने प्रशिक्षक या पासाला जुगार मानत.

सनी बिलनं तो जुगार राहू दिला नाही. सहा फूट चार इंच उंची, पंजात सहज मावणारा चेंडू, आणि मुख्य म्हणजे टॅकल अंगावर घेण्याची तयारी. तो मुद्दाम दोन बचावपटूंच्या मधे घुसायचा. दोघं त्याला बिलगले की दुसरीकडे कुणीतरी मोकळा सुटायचा. ३१ ऑक्टोबर २०१५, ट्विकनहॅम, विश्वचषकाची अंतिम लढत. मध्यंतराला न्यूझीलंड १६-३ असा पुढे होता आणि कॉनराड स्मिथच्या जागी सनी बिल मैदानात उतरला. दोन-तीन मिनिटांत चेंडू त्याच्याकडे आला, ऑस्ट्रेलियाचे बचावपटू त्याच्यावर तुटून पडले, हात मोकळा झाला, आणि मा'आ नोनू मैदान कापत जाऊन ट्राय करून आला. मी तो तुकडा मुलांना शेकडो वेळा दाखवला आहे. पाहताना नोनूकडे बघू नका, सनी बिलच्या पायांकडे बघा, असं सांगतो. पास देण्याआधी तो एक पाऊल आखूड टाकतो. सगळं कसब त्या आखूड पावलात आहे.

आता दुसरी बाजू. रग्बीचे दोन पंथ आहेत: पंधरा जणांची युनियन आणि तेरा जणांची लीग. सनी बिल ऑकलंडचा, वडिलांकडून सामोअन वंशाचा. कोवळ्या वयात तो सिडनीला लीग खेळायला गेला आणि २००४ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, कँटरबरी बुलडॉग्सबरोबर तिथलं विजेतेपद जिंकला. क्लबनं त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. जुलै २००८ मध्ये, हंगाम चालू असताना, तो विमानात बसला आणि फ्रान्समधल्या तुलाँ क्लबकडे युनियन खेळायला निघून गेला. संघातल्या मित्रांनासुद्धा सांगितलं नाही. प्रकरण न्यायालयात गेलं आणि साडेसात लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून मिटलं. सिडनीच्या वृत्तपत्रांनी त्याला 'मनी बिल' केलं, आणि ते नाव त्याला पुढे कायम चिकटलं.

त्या निघून जाण्याचं समर्थन मी करत नाही. शुक्रवारी तुमच्या शेजारी खांद्याला खांदा लावून स्क्रममध्ये वाकलेला माणूस रविवारी दिसला नाही, कारण तो परदेशी पोहोचला आहे, हे ज्या मुलांनी वर्तमानपत्रातून वाचलं असेल त्यांच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहतो. क्लब सोडण्याचा हक्क त्याला होता की नव्हता हे वकील बघतील. मित्रांना न सांगण्याचा हक्क मात्र नव्हता.

पण 'मनी बिल' या नावात २००८ च्या रागापेक्षा खूप जुना राग आहे, आणि तो समजल्याशिवाय हा वाद उलगडत नाही. इंग्लंडच्या उत्तरेला गिरण्या आणि खाणींत राबणारे कामगार रग्बी खेळत. शनिवारी सामना असला की अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. क्लबांनी ती भरून द्यावी, अशी मागणी झाली; सहा शिलिंगांची गोष्ट होती. दक्षिणेतल्या सुखवस्तू धुरिणांनी ठाम नकार दिला. खेळ हा खेळासाठी असतो, पैशाचा स्पर्श झाला की तो बाटतो, असं त्यांचं म्हणणं. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे तिचीच लीग झाली. आणि युनियननं शंभर वर्षं, ऑगस्ट १९९५ पर्यंत, खेळाडूला पैसे घेऊ दिले नाहीत. लीगमध्ये जाऊन पैसे घेतलेल्याला युनियनचे दरवाजे कायमचे बंद असत. सनी बिल दहा वर्षांचा असताना ही बंदी उठली. कायदा बदलला तरी मनात बसलेली भावना एका ठरावानं जात नाही. पैशाकडे पाहून खेळणारा तो हलका, ही भावना.

मला हे पुस्तकात वाचून कळलं होतं, पण पटलं एका मुलामुळे. माझ्या संघात भाजीच्या गाडीवर बापाला हात देणारा एक मुलगा होता. संघातली सगळ्यात घट्ट टॅकल त्याची. शनिवार हा बाजाराचा दिवस, आणि सामनेही शनिवारीच. तो दोन सामन्यांना आला नाही तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याला निष्ठेविषयी बरंच ऐकवलं. तो खाली मान घालून उभा राहिला. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या एका संघाकडे गेला. त्यांनी त्याला बूट दिले आणि सामन्याच्या दिवशीची बुडालेली कमाई द्यायचं कबूल केलं. मी कितीतरी दिवस त्याच्याशी बोललो नाही. सहा शिलिंग नाकारणारे ते लंडनचे सद्गृहस्थ आणि मी, यात त्या दिवशी काय फरक होता, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

सनी बिलची पुढची वाटचाल या नजरेनं पाहिली की वेगळी दिसते. २०१० मध्ये तुलाँनं देऊ केलेली मोठी रक्कम नाकारून तो कमी पैशावर न्यूझीलंडला परतला, कारण ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडून, खेळायचं तर मायदेशातल्या क्लबकडूनच खेळावं लागतं. २०११ चा विश्वचषक जिंकला. २०१२ मध्ये चीफ्स संघाला त्यांचं पहिलं सुपर रग्बी विजेतेपद मिळवून दिलं आणि मग जपानला गेला. मधल्या काळात मुष्टियुद्धाच्या रिंगणातही उतरला, न्यूझीलंडचा हेवीवेट किताब जिंकला. त्या काळात तो एकेका वर्षाचेच करार करायचा. लोक म्हणत, हा कुणाचाच नाही. आज न्यूझीलंडचे कितीतरी खेळाडू एखादा हंगाम जपानमध्ये कमावून परत येतात आणि ऑल ब्लॅक्सची जर्सी पुन्हा घालतात. त्याला कुणी गद्दारी म्हणत नाही. जे एकट्यानं केलं तेव्हा पाप होतं, ते दहा जणांनी केल्यावर रिवाज झाला.

राग येण्याला आणखी एक कारण होतं आणि ते मला मान्य आहे. ऑल ब्लॅक्सच्या घरात कुणी मोठा नसतो. सामना संपल्यावर जगज्जेते खेळाडू आपली ड्रेसिंग रूम स्वतः झाडून काढतात. अशा घरात एकाच माणसावर कॅमेरे रोखलेले राहिले की बाकीच्यांना, आणि त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांना, ते सलतं. रग्बीत पंधरा जणांपैकी आठ जण आयुष्यभर चिखलात डोकं खुपसून काम करतात आणि त्यांची नावं कुणाला माहीत नसतात. त्या आठांच्या बाजूनं बोलणारा माणूस सनी बिलवर चिडला तर मी त्याला अडवणार नाही.

विश्वचषकाच्या त्याच अंतिम सामन्यानंतर संघ मैदानाला फेरी मारत होता. चौदा वर्षांचा एक मुलगा कठडा ओलांडून धावला आणि सुरक्षारक्षकानं त्याला जमिनीवर आडवं केलं. सनी बिलनं त्याला उठवलं, खांद्यावर हात टाकून आईवडिलांकडे नेलं आणि स्वतःचं सुवर्णपदक त्याच्या गळ्यात घातलं. जग गहिवरलं. आणि लगेच दुसरा सूर आला: कॅमेऱ्यासाठी केलं. आदल्या आठवड्यात उपांत्य सामना हरलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या जेसी क्रीलजवळ तो मैदानावर बसला होता, तेव्हाही हाच सूर होता. मी हे दोन्ही प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. हरलेल्या गड्याजवळ वाकून बसणं हे रग्बीत नवं नाही, आमच्या तालुक्याच्या मैदानांवरही ते घडतं. कॅमेरा आजूबाजूला होता हा त्याचा गुन्हा कसा?

आणि मग वेलिंग्टन. १ जुलै २०१७, ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्ध दुसरी कसोटी, पावसाळी रात्र. पंचविसावं मिनिट. लायन्सच्या अँथनी वॉटसनला सनी बिलच्या एका सहकाऱ्यानं आधीच धरलं होतं आणि तो खाली झुकत होता. सनी बिल वेगानं आला. हात मिठीसाठी उघडलेच नाहीत, ते अंगाशी राहिले, आणि खांदा सरळ वॉटसनच्या चेहऱ्यावर बसला. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून डोक्याला होणाऱ्या आघाताबाबत सूचना कडक झाल्या होत्या. पंच जेरोम गार्सेस यांनी व्हिडिओ पाहिला आणि लाल कार्ड काढलं. १९६७ मध्ये कॉलिन मीड्सना बाहेर काढलं होतं, त्यानंतर पन्नास वर्षांत कसोटीत लाल कार्ड मिळालेला हा पहिला ऑल ब्लॅक. चौदा जणांचा संघ २४-२१ असा हरला. मायदेशात २००९ नंतरचा तो पहिला पराभव. सनी बिलला चार आठवड्यांची बंदी झाली.

या एका प्रसंगाबाबत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. वॉटसन झुकत होता, चेंडू ओला होता, वेग होता, हे सगळं खरं. पण हात उघडण्याचा निर्णय टॅकल करणाऱ्याचा असतो. शिट्टी तोंडात धरलेल्या माणसासमोर तो एक खांदा असतो आणि एक चेहरा. त्या खांद्याचा मालक पदक वाटणारा आहे की करार मोडणारा, हे त्याला दिसता कामा नये. गार्सेसना ते दिसलं नाही, म्हणून मी त्यांना मानतो. त्या रात्री न्यूझीलंडमध्ये मात्र कार्डावर कमी आणि माणसावर जास्त चर्चा झाली. 'मनी बिल' पुन्हा बाहेर आला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यानं ब्लूज संघाच्या जर्सीच्या कॉलरवरचं बँकेचं चिन्ह पट्टी लावून झाकलं होतं. तुलाँच्या काळात त्यानं इस्लाम स्वीकारला होता, आणि ऑल ब्लॅक्सकडून खेळलेला तो पहिला मुस्लिम. व्याजाच्या धंद्याची जाहिरात अंगावर नको, असं त्याचं म्हणणं होतं, आणि न्यूझीलंड रग्बीनं ते मान्य केलं. मग राष्ट्रीय जर्सीवरची विमा कंपनी कशी चालते, असा खडा सवाल आला. तो गैर नव्हता. पण पैशासाठी काहीही करतो असा ज्याचा लौकिक, त्यानं पैसेवाल्याचं चिन्ह झाकलं, याची दखल त्याच्या विरोधकांनी घेतली नाही. मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारली गेली, आणि गाडीत बसून रडत बोलणारा सनी बिल साऱ्या देशानं पाहिला. त्या दिवशी दोन्ही गट थोडा वेळ गप्प होते.

दुसऱ्या दिवशी मैदानात मुलांना मी हे सगळं सांगितलं नाही. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाल्यापासून करार, मानधन, बोली हे शब्द त्यांच्याही तोंडी आहेत. त्यांना मी एकच गोष्ट सांगितली. जपाननंतर, २०१३ मध्ये, सनी बिल सिडनीला परतला आणि रूस्टर्सकडून लीग खेळला. रूस्टर्सचे अध्यक्ष निक पोलिटिस यांना त्यानं पूर्वी शब्द दिला होता. कागदावर काही नव्हतं, फक्त हस्तांदोलन. तो आला, आणि त्या वर्षी रूस्टर्स विजेते झाले.

"म्हणजे तो चांगला की वाईट, सर?" देव म्हणणाऱ्या मुलानं विचारलं.

मी त्याला चेंडू दिला आणि दोघांना त्याच्या कमरेशी उभं केलं. तेवढ्यात फाटकातून तो भाजीवाल्याचा मुलगा आत आला. त्याच्या नव्या संघाचा सराव त्या दिवशी बंद होता. मी त्याला निरोप पाठवला होता, पण तो येईल असं वाटलं नव्हतं. त्यानं पिशवी खाली ठेवली, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि पास घ्यायला उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.