खोकला थांबला, गोळ्या नाहीत

आमच्या हट्ट्याच्या शिवारात हळद पुष्कळ. हळदीचा डाग पडलेल्या कुर्त्याला साबण लावला की डाग तांबडा होतो, लिंबू पिळले की पुन्हा पिवळा, हे घराघरांत ठाऊक आहे. आंबटपणा दिसत नाही, रंग दिसतो. शरीरातल्या पेशींची आम्लता शास्त्रज्ञांनी मोजली ती याच युक्तीने. फूफीजानना टीबी झाला तेव्हा ही माहिती आमच्या फार कामी आली.

दीड महिन्यात त्यांचा खोकला थांबला, ताप गेला. मग त्या म्हणू लागल्या, "आता बरी आहे, रोज एवढ्या गोळ्या कशाला? लोक विचारतात." लोक विचारतात, हेच खरे दुखणे होते, त्यांच्या मुलीचे लग्न ठरत होते. नुसत्या "डॉक्टरांनी सांगितले आहे" एवढ्याने त्यांचे समाधान होईना. तेव्हा आम्ही त्यांना सगळे उलगडून सांगितले.

फुप्फुसांत जंतू गिळणाऱ्या पेशी असतात. गिळलेला जंतू पेशीतल्या बारीक पिशवीत कोंडला जातो आणि ती पिशवी आंबट होत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेचनिकॉफ यांनी अशा पेशींना निळ्या लिटमसचे कण खाऊ घातले. ते आत तांबडे झाले. १९७८ मध्ये चमकणारा रंग उंदराच्या पेशींत सोडून नेमका आकडा काढला गेला: पीएच सुमारे ४.८. शुद्ध पाण्याचा पीएच ७. एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. आपल्या बंगळुरूत यमुना कृष्णन यांच्या गटाने २००९ मध्ये डीएनएचेच मोजयंत्र बनवून फळमाशीच्या रोगप्रतिकारक पेशींत हे मोजमाप केले.

टीबीचा जंतू मोठा चलाख. तो पिशवी फारशी आंबट होऊच देत नाही. पीएच सहाच्या वरच राहतो. दुसऱ्या संरक्षक पेशींकडून इशारा आला की गिळणारी पेशी चेतते आणि पीएच पाचाच्या जवळ उतरतो. तरी काही जंतू सुस्त होऊन दडून राहतात. पायराझिनामाइड हे औषध आंबट जागीच चांगले काम करते, म्हणून पहिले दोन महिने ते देतात. त्याच्यामुळेच नऊ महिन्यांचा उपचार सहावर आला. उरलेल्या जंतूंसाठी पुढचे चार महिने बाकीची औषधे घ्यावीच लागतात.

फूफीजाननी विचारले, "मग मी लिंबू जास्त खाल्ले तर?" आम्ही सांगितले, खाल्लेल्या आंबटाने पेशीतली पिशवी आंबट होत नाही, ते काम पेशी स्वतःच करते.

त्यांनी सहाही महिने गोळ्या घेतल्या. मुलीच्या सासरी आजाराची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली आणि लग्न ठरल्याप्रमाणे झाले. आपल्या घरी कोणी मध्येच गोळ्या सोडत असेल, तर रागावू नका. जवळ बसा आणि जंतू कुठे दडतो ते समजावून सांगा.