गाडीचं काम निघालं, गोळ्या राहिल्या

एरवी बीपी, शुगर, थायरॉइड यांवर लिहिणारा डॉक्टर आज गाडीच्या देखभालीवर का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. नियमित औषधं घेणारा पेशंट मध्येच दोन-तीन महिने गायब होतो, तेव्हा परत आल्यावर मी त्याला कारण विचारतो. उत्तरं ठरलेली असतात. मुलांची फी, घरातलं लग्न, विहिरीवरची मोटर जळाली, आणि गाडीचं काम निघालं. अचानक मोठा खर्च आला की घरातला जो खर्च आधी थांबतो तो बहुधा न दुखणाऱ्या आजाराच्या गोळ्यांचा असतो. दुखत नाही, मग महिनाभर थांबलं तर काय बिघडतं, असा हिशेब.

भाड्याची गाडी चालवणारे माझे एक पेशंट आहेत. पन्नाशी ओलांडलेली, डायबिटीस. मध्यंतरी आले ते साखर चांगलीच वाढवून. "डॉक्टर, इंजिन बसलं. कर्ज काढून बांधून घेतलं. गोळ्यांचं म्हटलं पुढच्या महिन्यात बघू." झालं असं होतं, की खराब रस्त्यावर खालून दगड लागला, ऑइल गळू लागलं आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. पॅसेंजरला अर्ध्या वाटेत कसं उतरवायचं म्हणून त्यांनी गाडी तशीच पुढे काढली. चेंबरचं काम थोडक्यात भागलं असतं. त्याऐवजी अख्खं इंजिन उतरलं.

किटलीसारखं चित्र असलेला हा लाल दिवा नीट ओळखून ठेवा. तो 'ऑइल कमी आहे, सवडीनं भरा' असं सांगत नसतो. इंजिनातला ऑइलचा दाब गेलाय, असा त्याचा अर्थ. म्हणजे वेगानं फिरणारे धातूचे भाग आता एकमेकांवर कोरडे घासताहेत. पुढचा पेट्रोल पंप, पुढचं गाव असं काही मनात आणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टोइंगला फोन करा. टोइंगचे पैसे त्या क्षणी जड वाटतात, पण नंतरच्या बिलापुढे ते काहीच नसतात.

इंजिन ऑइलला लोक गाडीचं रक्त म्हणतात. मला ती उपमा अर्धीच पटते. आपल्या शरीरातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तिच्या जागी नवी तयार होते, आपल्याला काही करावं लागत नाही. गाडीत तसं काही नाही. जुनं झालेलं ऑइल जुनंच राहतं, काजळी आणि धातूचा बारीक चुरा घेऊन फिरत राहतं, आणि शेवटी घट्ट गाळ होऊन बारीक वाटा बुजवतं. शरीर आपली बरीच हेळसांड सांभाळून घेतं. गाडीला ते जमत नाही. त्यामुळे मॅन्युअलमध्ये जितके किलोमीटर किंवा जितके महिने लिहिले असतील, त्यातलं जे आधी येईल तेव्हा ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. 'गाडी फिरलीच कुठे वर्षभर' हे कारण चालत नाही. आणि महिन्यातून एकदा सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, परत घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. हे मी स्वतः रविवारी सकाळी करतो, चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागतो.

दुसरा मोठा खर्च तापलेल्या इंजिनाचा. उन्हाळ्यात भरलेली गाडी एसी लावून कसारा किंवा आंबोली घाट चढत असते आणि तापमानाचा काटा वर सरकू लागतो. तशीच रेटली तर हेडला बाक येतो, हेड गॅस्केट उडतं, कूलंट ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसू लागतं. म्हणून काटा वर जाताना दिसला की एसी बंद करा, सुरक्षित जागा पाहून थांबा, इंजिन बंद करा आणि ते निवेपर्यंत थांबा. अर्धा तास तरी धरा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. हे मी डॉक्टर म्हणून सांगतोय. दाबाखालचं उकळतं पाणी उसळून तोंडावर येतं. कुणी भाजलंच, तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट नको, बर्फ नको, हळदही नको. मग दवाखाना गाठा.

या सगळ्याचं मूळ बऱ्याचदा कूलंटच्या टाकीत ओतलेल्या बोअरच्या पाण्यात असतं. ज्या पाण्याचे पांढरे डाग तुमच्या बादलीवर पडतात, तेच पाणी रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साठवतं. वाटेत अडलात तर, इंजिन गार झाल्यावर, साधं पाणी घालून घरी यायला हरकत नाही. पण आल्यावर ते काढून योग्य कूलंट भरून घ्या.

टायर आणि ब्रेक यांवर थोडक्यात सांगतो. हवा टायर गार असताना तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर बहुतेक गाड्यांत छापलेलं असतं. पंक्चरवाला 'सगळ्यांना पस्तीस' म्हणाला तरी आपला आकडा सांगा. टायर एकाच बाजूनं झिजत असतील तर अलाइनमेंट करा, नाहीतर नवे टायरही तसेच जातील. ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळी येऊ लागली की पॅड बदलायची वेळ झाली. ती खर्रर्र अशी घासण्यापर्यंत गेली की डिस्कही जाते. आणि इथे प्रश्न फक्त पैशाचा नसतो.

आता पावसाळा. २६ जुलै २००५ ला मुंबईत, पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे, किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण पाहिलंय. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं मोठं नुकसान कित्येकदा पूर ओसरल्यावर होतं, मालक किल्ली फिरवून 'चालू होते का बघू' म्हणतो त्या क्षणी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. धक्का मारूनही चालू करू नका. बॅटरीची तार काढून ठेवा आणि उचलून नेण्याची सोय करा. विम्याच्या साध्या पॉलिसीत असं वाकलेलं इंजिन बरेचदा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. नूतनीकरणाआधी पॉलिसी काढून एकदा वाचा. सखल भागात राहत असाल तर नक्कीच.

शेवटचा मुद्दा जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत तेच जास्त आहेत. काही इंजिनांत टायमिंग चेन असते, काहींत रबरी बेल्ट. बेल्ट तुटण्याआधी फारशी लक्षणं देत नाही, आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तुमच्या गाडीत काय आहे ते मेकॅनिकला विचारा. बेल्ट असेल आणि तो कधी बदलला हे आधीच्या मालकाला बिल दाखवून सांगता येत नसेल, तर बदललेलाच नाही असं धरून चाला. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमच्या आधी ते काम करून घ्या. त्याच वेळी वॉटर पंपही बघायला सांगा. बऱ्याच गाड्यांत तो त्याच बेल्टवर चालतो, आणि नंतर बदलायचा झाला तर उघडझाकीची मजुरी पुन्हा द्यावी लागते.